टिटवीची गैरहजेरी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. खोली एक, तिच्यात माणसं तीन, आणि टिटवीचे कान तुला माहीत आहेत. पत्र लिहायला निदान लाँड्रीतली जेवणाची सुट्टी मिळते. चादरींच्या गठ्ठ्याला टेकून बसते आणि लिहिते.

काम बरं चाललं आहे. हॉस्पिटलच्या चादरी येतात. धुऊन निघाल्या की गरम रुळांच्या यंत्रात सोडायच्या. एक कोपरा माझ्या हातात, दुसरा जोडीदारणीच्या. दोघींनी एकदम सोडायचा. एकीचा आधी सुटला तर चादर तिरकी जाते आणि यंत्र बंद पडतं. ती इथलीच आहे. तिचं मला कळत नाही, माझं तिला कळत नाही. या कामाला बोलावं लागत नाही म्हणूनच ते मला मिळालं.

यांचा खांदा अजून तसाच आहे. शीतगृहात खोकी रचताना निखळला, तो बसवला, पण हात कानाच्या वर जात नाही. दर आठवड्याला व्यायामाला बोलावतात. तिथे डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं, कसं दुखतं. हे नुसते बोट दाखवतात. म्हणून पोरीला, टिटवीला, शाळा बुडवून सोबत न्यावं लागतं. वर्षभरात तिनं इथली भाषा अशी उचलली की दुकानदार तिला इथलीच समजतात. आम्ही दोघं अजून हो आणि नाहीवर आहोत.

आधी फक्त यांच्यासाठी जायची. मग वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्याचा काहीतरी दाखला अडला, त्याच्याबरोबर गेली. मग तळमजल्यावरची गवंड्याची बायको. तिला सातवा महिना आहे, तपासणीला एकटी कशी जाणार? आमचा सगळा जिना आपल्या भाषेचा, आणि अख्ख्या जिन्यात तोंड एकच. कुणाला नाही म्हणू? आम्ही आलो तेव्हा झोपायला गादी रंगाऱ्यानंच वर आणून दिली होती. आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू, लोक दारात येऊन टिटवीला मागतात तेव्हा मला बरंही वाटतं. इथे आमच्याकडे मागण्यासारखं दुसरं काय आहे?

पत्रास कारण की, टिटवीच्या खाड्यांवरून शाळेची चिठ्ठी आली आहे. इथला कायदा असा आहे की मूल कुठूनही आलेलं असो, ते शाळेत पाहिजे आणि त्याला आईबापच जबाबदार. नाव घालताना फार काही विचारलं नाही. कागद अपुरे होते तरी घेतलं. मला वाटलं, झालं काम. नाव घातलं म्हणजे शाळा झाली, अशीच आपल्याला सवय. इथे सकाळी हजेरी घेतात, दुपारी पुन्हा घेतात. चिठ्ठी टिटवीनंच वाचून दाखवली. तेवीस तारखेला मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलं आहे. हजेरीवाल्या बाईही येणार आहेत. भाषा येणारं माणूस बरोबर आणा, असंही लिहिलं आहे म्हणे. आमच्याकडे भाषा येणारं माणूस एकच.

घंटा झाली. भाऊजींना नमस्कार सांग. माया आहे ती असू दे.

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी, एकदा यांना ऐकवायला. हे म्हणाले, टिटवीनं दारावर पाटी लावावी. मी म्हटलं, तुम्हाला थट्टा सुचते.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी तुझी गत आहे. नवऱ्याचा खांदा कमी होता म्हणून जिन्याचा भार घेतलास. गादी आणून दिली तर गादी परत करता येते. मिरची उसनी मागतात, शिडी उसनी मागतात, पोरीची जीभ उसनी मागितलेली मी पहिल्यांदाच ऐकली. आणि तुला बरं वाटतं ते मला कळतं. लहानपणी माझी नवी कात्री सगळ्या आळीला देऊन यायचीस, तेव्हाही तुला असंच बरं वाटायचं. धार माझी जायची.

एक विचारते. ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलीस का? पोरीवरची तक्रार पोरीनंच वाचायची, पोरीनंच आपल्या भाषेत सांगायची, हा कुठला न्याय?

इथे शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे. सगळे एकाच निळ्या कापडाचे. दिवसभर बाह्या जोडते. एवढी पोरं कुठून येतात आणि जातात कुठे, कळत नाही. दर वर्षी नवी मापं.

तिला माझ्याकडे पाठव. तुम्ही दोघं आधी गेलात तेव्हा दोन वर्षं इथेच होती, माझ्याच हाताखाली वाढली. तिची घडीची कॉट अजून भिंतीला लावलेली आहे, काढलेली नाही. शाळा चार घरं पलीकडे. इथे तिला कुणी उसनी मागणार नाही, कारण इथे सगळ्यांनाच बोलता येतं, नको इतकं. मला मूल नाही म्हणून मागते असं समजू नकोस. समजलीस तरी माझी हरकत नाही.

मेहुण्यांना म्हणावं, हात भिंतीवर टेकवून रोज बोटं थोडी थोडी वर चढवत जा. माझा खांदा तसाच सुटला होता.

आठवण ठेव, पत्र धाड.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत जाऊन आले. सगळं सांगते. हे पत्र सलग लिहिलेलं नाही, तीन सुट्ट्यांत लिहिलं आहे.

मोठ्या बाईंची खोली उबदार होती. खुर्च्या नीट होत्या. एका बाजूला मोठ्या बाई, शेजारी हजेरीवाल्या बाई, समोर मी, मधे टिटवी. हे व्यायामाला गेले होते, एकटेच, म्हणजे तिथे पुन्हा बोट दाखवणं. बाई बऱ्याच बोलल्या. टिटवीनं मला सांगितलं, शाळेत रोज यायला हवं म्हणतात. एवढंच. मग मी बोलले. काही लपवलं नाही. खांद्याचं सांगितलं, रंगाऱ्याचं, गवंड्याच्या बायकोचं. मीच तिला घरी ठेवते म्हटलं, चूक माझी आहे म्हटलं. मी हातभर बोलले, ती बोटभर बोलली. मला वाटलं, यांची भाषाच आखूड असेल.

पण ताई, माझं बोलणं पोचलं की बाईंनी माझ्याकडे रागानं बघायला हवं होतं. त्या टिटवीकडे बघायच्या. दरवेळी. शेवटी हजेरीवाल्या बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, एखाद्या वाया गेलेल्या पोराच्या आईकडे बघून हलवतात तशी. मग एक कागद पुढे केला. मी सही केली.

बाहेर आल्यावर विचारलं. टिटवी म्हणाली, काही नाही. घरी येईपर्यंत काही नाही. जिन्यात थांबवून विचारलं तेव्हा सांगितलं. तिनं बाईंना सांगितलं होतं की आई रोज पाठवते, मीच जात नाही. मला शाळा आवडत नाही, मी बाहेर फिरते. रडली नाही. चप्पल काढता काढता सांगितलं.

चिठ्ठीतल्या दोन ओळी तिनं मला वाचूनच दाखवल्या नव्हत्या. आईबाप आपल्या कामासाठी मूल घरी ठेवत असतील तर त्यांचं नाव परवान्याच्या कचेरीत कळवतात. आमचा परवाना पावसाळ्याआधी नव्यानं घ्यायचा आहे. तो नाही मिळाला तर इथे राहता येणार नाही. आणि मूलच शाळा बुडवत असेल तर त्याला नव्या सत्रापासून दुसऱ्या शाळेत घालतात, शहराच्या पार टोकाला. तिथे न ऐकणारी मुलं असतात. अर्धा दिवस शिकवतात, अर्धा दिवस नुसती बसवून ठेवतात. मी सही केली ती त्यावर.

हे म्हणतात, झालं ते झालं. परवाना राहिला तर शाळा पुन्हा मिळेल, परवाना गेला तर कसली शाळा. चुकीचं म्हणत नाहीत. त्यांचा हात वर जात नाही, आपल्याकडे परत येऊन काय उचलणार?

जाऊन खरं सांगितलं तर परवाना जातो. गप्प बसले तर ती जाते, अकराव्या वर्षी, खोटारडी म्हणून. चार दिवस झाले, मी गप्प आहे. चादरी सोडते आहे.

त्या दिवशीची अजून एक गंमत. आम्ही मोठ्या बाईंच्या खोलीत होतो तेव्हा वर्गात दुपारची हजेरी झाली. टिटवीची गैरहजेरी लागली.

टिटवीनं तुला वेगळं पत्र लिहिलं आहे, याच पाकिटात घालते. चिकटवून दिलं आहे. उघडलेलं नाही.

तुझी माया राहू दे, मला तिची गरज आहे.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
टिटवीचा शि. सा. न.

मी मजेत आहे. तुम्ही दोघं कसे आहात? मशीनचा पट्टा बदललास का? काकांना सांग, मी आता त्यांच्याएवढी उंच झाले असेन.

मावशी, आई तुला सगळं लिहील. ती घरात मान खाली घालून वावरते, त्यावरून मला कळतं. तिला जाऊन सांगायचं आहे. तू तिला सांग, जाऊ नकोस. ती बाबांचं ऐकत नाही पण तुझं ऐकते.

मी खोटं बोलले असं तिला वाटतं. दुभाष्यानं सगळंच सांगायचं नसतं. रंगारीकाका कचेरीत चिडून काय काय बोलतात, ते मी कधीच सांगत नाही. मी म्हणते, काका विचारतात की अजून किती वेळ लागेल. म्हणून त्यांचं काम होतं. गवंडीकाकू डॉक्टरना म्हणाल्या, मला इथे मरायचं नाही. मी सांगितलं की त्यांना थोडी भीती वाटते. तूच म्हणायचीस, गिऱ्हाइकाचं माप घेताना पोट सुटलंय असं बोलू नये, गुपचूप दोन बोटं वाढवून कापावं. मी दोन बोटं वाढवली.

त्या दुसऱ्या शाळेचं मला काही वाटत नाही. बस एकच बदलावी लागते. आणि तिथे अर्धा दिवस काही नसतं, म्हणजे बाबांबरोबर जायला बरंच. फक्त आमच्या वर्गात आता अपूर्णांकांचा भागाकार सुरू झाला आहे. खालचा वर करायचा आणि गुणायचं. का करायचं ते पुढच्या महिन्यात सांगणार आहेत. तिकडे हे शिकवत नाहीत असं एक मुलगी म्हणाली. तिचा भाऊ तिकडे आहे. मी पुस्तक मागून घेतलं आहे, पण का ते पुस्तकात दिलेलं नाही.

आई बोलली तर सगळं फुकट जाईल. तुला तर माहीत आहे, एकदा बोलायला लागली की तिला थांबता येत नाही.

पत्राचं उत्तर आईच्या पत्रात नको, वेगळं पाठव. लोभ असावा, असं शेवटी लिहितात ना? तो आहेच, मला माहीत आहे.

टिटवी


१२ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

टिटवीनं मला वकील नेमलं आहे. पत्र तिच्या बाजूचं, मुद्देसूद, खाडाखोड नाही. तिला वेगळं उत्तर पाठवलं. त्यात एवढंच आहे की वकीलपत्र परत करते, आणि अपूर्णांक उलटा का करतात ते मलाही माहीत नाही, कळलं की मला कळव.

आता तुझं. तू सल्ला मागितलेला नाहीस, पण पत्रभर मागितला आहेस. मी देत नाही. का ते ऐक. जाऊन खरं सांग असं लिहिलं, तर त्यात माझा फायदा आहे. परवाना गेला तर तुम्ही परत याल, कॉट भिंतीवरून खाली येईल. तुझं पत्र वाचताना हे सगळ्यात आधी माझ्या मनात आलं, पोरीचं नंतर आलं. असल्या बाईचा सल्ला घेऊ नये. आणि गप्प बस असं लिहिलं तर मी आठवडाभर झोपणार नाही. तेव्हा मेहुण्यांचं ऐक, नाहीतर स्वतःचं ऐक. माझं ऐकू नकोस.

तिला इथे पाठव असं मागे म्हणाले होते, तेही मागे घेते. ज्या घरासाठी ती एवढं बोलली त्याच घरातून तिला काढायचं, हे बरं दिसणार नाही.

आळीतल्या बायका विचारतात, टिटवी कशी आहे. अकरा वर्षांच्या पोरीनं आईबापाला वाचवलं म्हटलं तर कौतुक करतील, डोळे पुसतील, चहा घेऊन जातील. मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ते कौतुक ऐकायचं नाही.

गणवेश संपत आले. उरलेल्या कापडात एक तिच्या मापाचा होईल. पण तिचं माप आता मला माहीत नाही.

रागावलेली नाही. पत्र आखूड झालं, एवढंच.

ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लाँड्रीतून नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसले आहे. शेजारी गवंड्याची बायको आहे. तिची मान माझ्या खांद्यावर पडली आहे, म्हणून अक्षर असं.

मी गेले होते. तुझं पत्र आलं त्यानंतर दोन दिवसांनी. कुणाला विचारलं नाही. लाँड्रीतल्या जोडीदारणीला आधी खुणांनी सांगितलं. मुलगी, शाळा, मी. तिला कळायला दुपार गेली. मग तिनं शब्द दिले. एक चादर सोडायची, एक शब्द म्हणायचा. चुकला की ती कोपरा सोडायची नाही, पुन्हा म्हणायला लावायची. मुकादम ओरडला. तिनं त्याला काहीतरी ऐकवलं, तो गेला.

मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि पाठ केलेलं बोलले. मी. घरी. ठेवली. मुलगी नाही, मी. दोनदा म्हटलं. बाईंनी हातानं थांब म्हटलं आणि फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे आपल्या भाषेत एक माणूस. म्हणाला, बोला ताई, मी त्यांना सांगतो, सगळं सांगतो. कुठून बोलत होता देव जाणे. मागे लहान मूल रडत होतं. शाळेनं मागितलं की असा दुभाष्या मिळतो. पहिल्या वेळीही मिळाला असता. आम्ही माणूस घेऊन आलो होतो, म्हणून कुणी मागितला नाही.

मी सगळं सांगितलं. टिटवी म्हणते तसंच झालं, थांबता आलं नाही. त्यानं एक शब्द गाळला नाही. या वेळी बाई माझ्याकडे बघत होत्या. मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण नजर बरोबर ठिकाणी होती.

टिटवी तिच्याच वर्गात राहील. आमचं नाव परवान्याच्या कचेरीत गेलं. तसा नियमच आहे, बाई म्हणाल्या, सोबत मी दोन चांगले शब्द लिहीन. त्या दोन शब्दांचं वजन किती, ते कुणालाच माहीत नाही. बोलावतील तेव्हा जायचं. तोवर हजेरीवाल्या बाई येऊन बघून जातात.

हे दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी हात भिंतीवर टेकवून उभे होते. म्हणाले, ताई म्हणतात तसं करून बघतो. आता व्यायामाला एकटेच जातात. तिथेही फोनवरचा माणूस मागायचा, एवढे शब्द त्यांनी पाठ केले आहेत. टिटवीचा राग मोठा आहे. तुला बोलायला कुणी सांगितलं होतं, म्हणाली. मी म्हटलं, कुणी नाही. आता मला काही वाचून दाखवत नाही. डब्यावरचं नावसुद्धा. मी दुकानात वास घेऊन ओळखते.

जिन्याला सांगून टाकलं, टिटवी आता मिळणार नाही. रंगाऱ्याला लागलं. गादीचं बोलला नाही, पण दारातून आत आला नाही. गवंड्याची बायको नुसती पायरीवर बसली. आज तिची शेवटची तपासणी. मी कामावर खाडा केला आणि म्हटलं, चल.

सकाळी तिघी एकदमच खाली उतरलो. शाळा डावीकडे, हॉस्पिटल उजवीकडे. टिटवी कोपऱ्यावर थांबली, दप्तराचा पट्टा उगाच सारखा करत. मागे बघत होती. मी हाक मारेन असं तिला वाटलं असेल. गवंड्याची बायको माझ्याकडे बघत होती. मी मारली नाही. ती शाळेकडे गेली.

इथे खिडकीतल्या बाईनं मला काहीतरी विचारलं. तुम्ही हिच्या कोण, असं असावं. शेजारीण या शब्दाला इथे काय म्हणतात मला माहीत नाही. बहीण येतं, ते सांगितलं. तिनं लिहून घेतलं. फोनवरचा माणूस हवा असंही मी सांगितलं आहे. तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

आता दार उघडून कुणीतरी नाव घेतलं आहे. आमचंच असावं. दुसरं कुणी उठलेलं नाही. हिला उठवते.

लोभ आहे तो कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी